पाच वर्षांची तिर्झा

खुब्याचं हाड मोडलं म्हणून म्हाताऱ्या तिर्झा गुडरमला इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यातल्या त्या हॉस्पिटलात आणलं, तेव्हा फाटकातच तिनं मुलाचा हात घट्ट धरला.

"एडगर, इथे नको रे."

"आई, वर्कहाउस बंद होऊन किती वर्षं झाली! आता इथे डॉक्टर असतात."

"भिंती त्याच आहेत ना?"

पाच वर्षांची असताना ती आईबरोबर याच फाटकातून आत आली होती. वडील गेलेले, घर सुटलेलं. निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या त्या वर्कहाउसच्या नियमाप्रमाणे आईला बायकांकडे नेलं, तिला मुलांकडे. आई धुलाईघरात राबायची. त्याच हिवाळ्यात ती तापानं गेली. तिर्झाला ते कळलं थेट उन्हाळ्यात.

तिसऱ्या दिवशी, चारच्या चहाच्या वेळी, हिवाळ्यातल्या लवकरच्या अंधारानं खिडक्या काळवंडत असताना वॉर्डात ओल्या कपड्यांचा आणि धुण्याच्या सोड्याचा वास पसरला. निळ्या पट्ट्यांच्या झग्यातली एक तरुण बाई खाटांमधून येत होती. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. तिर्झानं तो चेहरा लगेच ओळखला.

"आजी, माझी मुलगी पाहिलीत का हो? पलीकडे नेलीय तिला..."

"आई... अगं, मीच तिर्झा..."

बाईनं तो सुरकुतलेला चेहरा निरखून पाहिला. मग संकोचून हसली. "नाही हो आजी. माझी तिर्झा पाच वर्षांची आहे."

आणि ती पुढच्या खाटेकडे वळली.

तिर्झाचं रडणं थांबेना. दुसऱ्या संध्याकाळी बाई पुन्हा आली. तोच प्रश्न. या वेळी तिर्झानं हुंदका गिळला.

"पाहिली ना. खेळतेय पलीकडे. पोटभर जेवलीय."

"माझी आठवण काढते?"

"रोज..."

बाईनं तिच्या हातावर कपाळ टेकलं. गार होतं ते, आणि ओलं.

त्यानंतर एडगरनं घरी न्यायचा विषय काढला की तिर्झा मान हलवायची. "संध्याकाळी मी इथे हवी रे." महिन्याभरानं न्यूमोनियानं ती गेली.

सामान न्यायला एडगर आला, तेव्हा शेजारच्या खाटेवरची मेबल पांघरूण गळ्यापर्यंत ओढून बसली होती.

"ती बाई काल आली होती," ती कुजबुजली. "रिकाम्या खाटेपाशी किती तरी वेळ उभी होती. मग मला म्हणाली, 'इथल्या आजी कुठे गेल्या? माझी मुलगी कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक होतं...'"

एडगरनं आईची पिशवी पुन्हा खाटेवर ठेवली.

"चार वाजत आलेत रे बाबा," मेबल म्हणाली. "आता मी तिला काय सांगू?"