पाइपातली शिट्टी

"पुन्हा तेच पुस्तक?" बडबडीने कपाळाला हात लावला. "अरे, पाठ झालंय आपल्याला!"

"पण तेव्हा आपल्याकडे खरं पाणमांजर नव्हतं," म्हणत चष्मिस पिंजऱ्याला टेकून बसला.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ चष्मिस सुट्टीत मावशीकडे आले होते. बडबडी ही मावशीची मुलगी. तिचे बाबा, म्हणजे या दोघांचे काका, माशांची तळी सांभाळत. तळ्यातले मासे काही दिवस गायब होत होते. आज सकाळी चोर पिंजऱ्यात सापडला. तपकिरी, ओलाचिंब आणि भरघोस मिशांचा! संध्याकाळी वनखात्याची गाडी त्याला दूरच्या धरणावर सोडणार होती.

चष्मिसचा बेत मात्र वेगळाच होता. पुस्तकातल्या मुलाने पाणमांजर पाळलं होतं, खांद्यावर घेऊन तो बाजारात जायचा. चष्मिसला अगदी तस्संच हवं होतं. काकांना कसं पटवावं या विचारात तो दुपारी धड जेवलाही नव्हता.

ताई वाचू लागली. "'रोज संध्याकाळी तो खिडकीत बसे आणि नदीकडे तोंड करून आनंदाने शिट्टी मारी...'"

तेवढ्यात पिंजऱ्यातून बारीक, लांब शिट्टी आली.

"बघ, खूश आहे ते," चष्मिस म्हणाला.

ताई वाचायची थांबली. पिंजऱ्यात सकाळचा मासा तसाच पडला होता. पाणमांजर जाळीवर नखं घासत एकाच दिशेला बघत होतं.

"खूश असतं तर मासा शिल्लक राहिला असता का?" ती म्हणाली. "पुस्तकातलंही संध्याकाळी काही खायचं नाही. लहानपणी या पानावर आपण किती हसायचो! पण ते आनंदाने शिट्टी मारतं, हे ठरवलं कोणी? त्या मुलानेच. मला वाटतं, ते कुणाला तरी हाक मारत होतं."

तिघांनी कान टवकारले, अगदी बडबडीनेसुद्धा. मग बांधाकडून चिरक्या आवाजात उत्तर आलं.

बडबडीचा चेहरा उतरला. "तिकडे जुना पाइप आहे. चोराची वाट बंद करायची म्हणून बाबा आज तो बुजवतायत!"

तिघं धावत सुटली. मधे थांबलेलं सिमेंट कालवायचं यंत्र बांधावर पुन्हा धडधडू लागलं होतं. गवंडीकाकांनी पहिली पाटी भरली होती, काका शेजारी उभे होते.

"काका, थांबा! आत पिल्लं आहेत," ताई धापा टाकत म्हणाली.

"काही नाही आत. मी बॅटरी मारून बघितलंय."

"शेवटपर्यंत?"

"वळणापर्यंत," काका जरा अडखळले. "व्हा बाजूला. माल घट्ट होतोय."

या आवाजात पिल्लांचं चिरकणं कुणाला ऐकू जाणार? ताईने बडबडीला कोपराने ढोसलं. बडबडी सरळ पाइपाच्या तोंडाशी जाऊन बसली.

"गवंडीकाका, सिमेंटमध्ये वाळू कशाला घालतात? आणि खडी? ती धुऊन घेतात का?"

गवंडीकाका उत्तरं देऊन घाईला आले. काका तिच्यावर ओरडत होते. तोवर ताई आणि चष्मिसने हातगाडीवरून पिंजरा आणला. चष्मिसने पुढे होऊन यंत्राचं बटण बंद केलं.

पाणमांजराने शिट्टी मारली. पाइपाच्या पोटातून एक चिरका आवाज आला. मग दुसरा.

गवंडीकाकांनी पाटी खाली ठेवली. "साहेब, आत बाळं आहेत. मी माल टाकणार नाही."

काकांनी तळ्याकडे बोट दाखवलं. "पण मग माझे मासे?"

"तळ्याच्या तोंडाची जाळी तुटलीय, हे मी कधीपासून सांगतेय," बडबडी म्हणाली. "तुम्ही रोज उद्यावर ढकलता."

"जाळी आजच बसवू," गवंडीकाका म्हणाले. "माल तयारच आहे."

काकांनी वाकून पाइपाला कान लावला. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि वनखात्याची गाडी नको म्हणून कळवलं.

"पिंजरा तू उघड," ते चष्मिसला म्हणाले.

चष्मिसचा हात कडीवर थबकला. "काका, एखादं पिल्लू..." पिंजऱ्यात आई पुन्हा शिट्टी मारत होती. त्याने दार वर उचललं. त्याच्या पायाला घासून ती पाइपात शिरली. आत एकच चिरचिराट झाला आणि मग सगळं शांत झालं.

"शाबास रे पोरांनो. आज माझ्या हातून भलतंच झालं असतं," काका म्हणाले.

चष्मिसने चष्मा काढून शर्टाला पुसला, मग डोळे पुसले.

"तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," तो म्हणाला.

ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिला घरी जायची घाई होती रे."