दिव्याच्या आधी

मानसशास्त्र घेतलेल्या पोरांची खरी पंचाईत पुस्तकात नव्हती, माणसं मिळवण्यात होती. तिसऱ्या वर्षाला 'मेंदू आणि वर्तन' हा पेपर आणि त्याचं प्रात्यक्षिक. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस ज्याचा त्यानं घरून आणायचा, अशी पद्धत. पुस्तकात त्याला 'प्रयुक्त' असं भारदस्त नाव होतं. आता ऐन कांदाकाढणीत, आंबेगाव तालुक्यात, दोन-दोन तास खुर्चीवर नुसतं बसायला रिकामं आहे कोण? कुणी म्हातारा आजा आणायचं, कुणी पाय मोडून घरी बसलेला मेव्हणा. परीक्षेलासुद्धा प्रयुक्त आपलाच लागायचा. तो नसेल तर परीक्षा नाही.

शीला महाळुंगे पडवळहून यायची आणि आपला चुलता गेणभाऊ याला आणायची, कारण तो तसाही बाजाराला येतच असे. गेणभाऊ खुर्चीवर मांडी घालून बसायचा.

"दिवा लागला की बटन दाबायचं, यवढंच ना? यात शिकायचं काय, राव? आमची म्हस बी दाबंल."

"मग म्हशीसारखंच दाबा, नाना. बोलू नका," शीला म्हणायची.

यंत्र साधं होतं. टेबलाच्या मधोमध लाकडी पडदा. अलीकडे विद्यार्थी, पलीकडे प्रयुक्त. अलीकडून कळ दाबली की पलीकडे लाल दिवा लागायचा आणि तबकडीवरचा काटा धावायला लागायचा. दिवा दिसताच पलीकडच्यानं आपली कळ दाबायची, की काटा थांबला. उजेड डोळ्यांतून मेंदूत पोचायला आणि मेंदूचा हुकूम बोटापर्यंत यायला जो वेळ लागतो, तेवढा काटा सरकलेला असायचा. ओतूरकर सर शिकवताना टेबलावर बोट आपटून सांगायचे, "हा वेळ सगळ्यांना लागतो. पैलवानालाही लागतो, मंत्र्यालाही लागतो. शून्य कुणाचाच येत नाही."

शीलाला हे फार आवडायचं. माणसाच्या डोक्यात चाललेलं काटा मोजून दाखवतो, यात कुठं देव-देवरुषी नाही की अंगात येणं नाही. तिला हेच शिकायचं होतं, आणि पुण्यात शिकायचं होतं. घरात बोलणं झालेलं होतं: विषयात पहिली आली तर एम.ए.ला पुणं, नाहीतर वडिलांनी जुन्नरकडचं एक स्थळ धरूनच ठेवलं होतं. ओतूरकर सरांचंही म्हणणं होतं की पुण्याच्या प्रयोगशाळेत ते शब्द टाकतील, पण एकाच नावासाठी. शाळेपासून पहिला नंबर शीलाचा. त्यामुळं ते नाव कुणाचं, हे तिच्या मनात पक्कं होतं.

आणि मग शिनोलीची कौसल्या.

ती दुसऱ्या वर्षाला आली आणि पहिल्या चाचणीत शीलाच्या वर गेली. बरं, वाईट असती तर एक वेळ चाललं असतं. पण ही बया हसरी, डबा वाटून खाणारी, कुणाचं काही अडलं की आपणहून समजावून सांगणारी. "शीले, तुझं अक्षर किती छान गं," असं म्हणायची तेव्हा शीलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी गेल्यावर भाकरी थापताना तिला कौसल्याचं हसणं ऐकू यायचं, आणि भाकरी फाटायची. आपण जळतोय हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग, जळणं थोडंच थांबतं?

प्रयोगाच्या दिवशी कौसल्यानं आपली मावशी आणली. गोजरबाई, तळेघरची. भात आणि नाचणी करणारी एकटी बाई. आदल्या संध्याकाळी डोंगर उतरून शिनोलीला यायची आणि सकाळी भाचीबरोबर कॉलेजात. हिरवं लुगडं, हाताला मशेरीचा वास, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. खुर्चीवर ताठ बसली, बोट कळीवर ठेवलं.

कौसल्यानं कळ दाबली. दिवा लागला आणि विझला. काटा जागचा हलला नाही.

"अंदाजानं दाबतायत," ओतूरकर सर म्हणाले. "मधला वेळ बदलत जा."

कौसल्यानं कधी लगेच दाबलं, कधी पुष्कळ थांबून. काटा शून्यावरच. मग सरांनी रिकामी फेरी घ्यायला लावली. म्हणजे 'तयार' म्हणायचं आणि दिवा लावायचाच नाही. अंदाजानं दाबणारा माणूस हमखास तिथं फसतो. गोजरबाई फसली नाही. दिवा यायचा नव्हता तेव्हा तिचं बोट हललंच नाही.

सरांनी यंत्र उघडलं, तारा तपासल्या, दिवा बदलला. पुढच्या वेळी तेच. आता सर खुलले. परीक्षेला पुण्याहून परीक्षक येणार होते, त्यांना हे दाखवायचं म्हणाले. येता-जाता "कौसल्या, मावशी येणार ना?" हेच तोंडात. शीलानं वर्षभर घोटून काढलेल्या आकृत्या टेबलावर तशाच पडून राहिल्या.

यात काहीतरी लबाडी आहे, असं शीलाला वाटलं. तिनं कळीखाली फडकं घातलं, आवाज नको म्हणून. टेबल हलत असेल म्हणून पायांखाली पुठ्ठे सरकवले. शेवटी पडद्याच्या कडेला अशी उभी राहिली की दोन्ही बाजूंचे हात एकदम दिसावेत.

गोजरबाई दिव्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते. आधी तिचं बोट खाली गेलं. आणि मग, अलीकडे, कौसल्याचं.

शीलानं पुन्हा पाहिलं. पुन्हा तसंच.

"कौसल्ये, तुझी मावशी तू दाबायच्या आधीच दाबते."

कौसल्या हसली, पण नेहमीसारखी नाही. "ती तसलीच आहे पहिल्यापासून. घरात तिला कुणी काही विचारत नाही."

"का?"

"असंच. विचारत नाहीत."

दुसरी कुणी असती तर तिच्या काळजाचं पाणी झालं असतं. शीलाच्या मनात एवढंच आलं, की ही बाई हिचीच मावशी का? माझी का नाही?

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं भीमाशंकरकडं जाणारी एस.टी. पकडली. शिनोली आलं तेव्हा ती खिडकीतून मागं सरकली, कौसल्याला दिसायला नको म्हणून. तळेघरला उतरून पुढं पायवाटेनं बरंच चालावं लागलं. भाताच्या खाचरांत नुसते बुडखे उरले होते आणि उतारावर कुणीतरी रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजत होतं. त्याचा धूर खाली दबून बसला होता. एवढ्या लांब आलो आणि बाई नाही म्हणाली तर, हाच विचार तिच्या डोक्यात घोळत होता.

गोजरबाई उंबऱ्यात बसलेली होती. धुतलेलं लुगडं नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन.

"येते की," ती म्हणाली. "मला काय, कुनाच्याबी म्होरं बसायचं."

"मावशी, उद्या परीक्षेला माझ्याकडून बसाल का?" शीला म्हणाली. "आज आमच्याकडं मुक्कामाला चला."

गोजरबाई उठली. दाराची कडी लावता लावता म्हणाली, "कौसेला आता कुनी लागायचं न्हाई."

"पण कौसल्याचं काय? तिला कोण मिळणार आयत्या वेळी?"

गोजरबाई गाठोडं काखेत मारून वाटेला लागली.

एस.टी.त दोघी शेजारी बसल्या. बाई झोपली, तिचं डोकं शीलाच्या खांद्यावर आलं. शिनोली मागं पडल्यावर शीलाच्या ध्यानात आलं की उत्तर आधी आलं होतं. दोन्ही वेळा. आधी बाईचं उत्तर, मग आपला प्रश्न. मग तिनं स्वतःला समजावलं: आठवताना मेंदू क्रम उलटापालटा करतो, पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे त्यावर. पण तिनं आपला खांदा हळूच काढून घेतला. घरापर्यंत ती बाईला एक शब्द विचारायला धजली नाही. जेवताना भाजी वाढू का, हेसुद्धा नाही.

सकाळी गेणभाऊही बरोबर आला, टोमॅटोचे क्रेट घेऊन. "मी हितं खालीच हाये," म्हणाला, आणि कॉलेजच्या दारातल्या लिंबाखाली तंबाखू मळत बसला.

कौसल्या धापा टाकतच वर आली. रात्रभर वाट बघितली होती, तोंड सुकून गेलं होतं. दारात तिला पडद्यापलीकडची मावशी दिसली आणि अलीकडं शीला.

"मावशे?"

गोजरबाईनं मान वर केली नाही.

कौसल्यानं शीलाकडं पाहिलं. ओरडली असती, झिंज्या उपटल्या असत्या, तर शीलाला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "शीले, मला सांगितलं असतंस तर मी दुसरं कुणी आणलं असतं गं."

परीक्षक घड्याळाकडं बघत होते. ओतूरकर सर कसनुसे झाले. "अजून वेळ आहे, कौसल्या. स्टँडवर कुणी मिळतंय का बघ. पळ."

खाली गेणभाऊ बसला होता. खिडकीतून त्याची टोपी दिसत होती. वर्षभर त्यानं हेच यंत्र दाबलं होतं. 'माझे नाना खाली आहेत, त्यांना घे,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. कौसल्या दारात क्षणभर थांबली, जणू ती त्याच शब्दांची वाट बघत होती.

शीलानं तोंड मिटून घेतलं. जाऊ दे, एकदा तरी जाऊ दे हिचा नंबर, असं तिच्या मनात आलं. अगदी याच शब्दांत.

कौसल्याच्या चपला जिन्यावरून वाजत खाली गेल्या.

"सुरू करा," परीक्षक म्हणाले.

शीलानं कळ दाबली. काटा हलला नाही. पुन्हा दाबली. परीक्षकांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढं ओढली. रिकामी फेरी झाली. गोजरबाईचं बोट हललं नाही. परीक्षकांनी ओतूरकर सरांकडं पाहिलं, आणि सर हसले. शीलाच्या छातीत आनंद मावेना. हे सगळं आता तिचं होतं.

"अजून एक रिकामी फेरी," परीक्षक म्हणाले.

"तयार," शीला म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवला.

गोजरबाईनं कळ दाबली.

दाबली आणि सोडली नाही. नखाचा रंग पांढरा पडला, इतकी जोरात.

"चुकलं," परीक्षक म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्याचा भाव होता. "बाई, दिवा लागलाच नाही."

"व्हय," गोजरबाई म्हणाली. "अजून न्हाई."

 भिंतीवरचा पंखा तेवढा फिरत होता.

मग रस्त्याकडून टेम्पोचे ब्रेक ऐकू आले. लांबलचक. आणि त्यानंतर माणसांचा गलका.

ओतूरकर सर खिडकीकडं धावले. बराच वेळ ते पाठमोरेच उभे राहिले.

गोजरबाईनं कळीवरून बोट काढलं आणि पदराला पुसलं.

*

दशक्रियेला सगळं कॉलेज लोटलं होतं. नदीच्या काठावर, शिनोलीकडच्या अंगाला. जो तो कौसल्याबद्दलच बोलत होता. अशी पोर पुन्हा व्हायची नाही, तालुक्याचं नाव काढलं असतं, सगळ्यांत हुशार हीच. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. शीलाही रडत होती आणि खरंच रडत होती. पण 'सगळ्यांत हुशार' हे कानावर पडलं की तिला आत तीच जुनी कळ यायची. मेली तरी पहिलीच. या विचाराची तिला स्वतःलाच शिसारी आली, तरी तो गेला नाही.

ओतूरकर सर जवळ आले. दहा दिवसांत म्हातारे दिसायला लागले होते. हळू आवाजात म्हणाले, "हे आज सांगू नये. पण परीक्षकांनी तुलाच वर ठेवलंय. ती शेवटची फेरी त्यांनी धरली नाही. पुण्याचं तुझं नक्की समज."

शीलानं मान हलवली. जे हवं होतं ते मिळालं होतं. 

लोक पांगायला लागले. गोजरबाई बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली, हिरवं लुगडं, तीच चाल. तिच्या वाटेतून लोक आपसूक बाजूला होत होते आणि कुणीही तिला काही विचारत नव्हतं. ते का, हे आता शीलाच्या लक्षात आलं. ती मागं सरकली, पण मागं पाणी होतं.

बाई समोर येऊन थांबली. शीलानं ओठ घट्ट आवळून धरले. काही विचारायचं नाही. काहीही झालं तरी विचारायचं नाही.

गोजरबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. मायेनं, आजारी लेकराला समजवावं तसा.

"न्हाई पोरी," ती म्हणाली. "दुखनार न्हाई. लई येळ लागनार न्हाई."

आणि डोंगराच्या वाटेला लागली.