कोरडे दाते

वहिनींनी बोलावलं म्हणून धाकटा दीर दुपारीच हत्यारांची पेटी घेऊन आला. गॅरेज चालवणाऱ्या माणसाला हे काम म्हणजे हातचा मळ. दादाची मोटरसायकल उघडायची, पुसायची, ग्रीस लावायचं आणि चहा पिऊन घरी जायचं. बाहेर मात्र धुकं इतकं दाटलं होतं, की फाटकापलीकडचा रस्ताही दिसेना.

गेल्या हिवाळ्यात अशाच धुक्यात दादा घाटात निघून गेला होता. मोटरसायकल वळणावर सापडली, नीट स्टँडवर उभी, किल्ली लावलेली. दादा काही सापडला नाही. तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी होती.

या गाडीला साखळी नव्हती. इंजिनाचा जोर दात्यांच्या एका जाड चक्रातून मागच्या चाकाला मिळायचा; ते दाते चाकाच्या खाचांत घट्ट बसत. ग्रीस असलं तर जन्मभर टिकतील. कोरडे पडले, की लोखंड लोखंडाला खातं.

धाकट्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, चाक ओढून काढलं, आणि त्याचा हात थबकला. खाचांतून तांबडी भुकटी सांडली. उन्हाळ्यात त्याने स्वतः भरलेलं ग्रीस पार नाहीसं झालं होतं. दाते झिजून सुरीच्या पात्यासारखे झाले होते. मीटरचा आकडा मात्र तोच. टाकी कोरडी ठणठणीत.

"वहिनी, गाडी कुणी नेली होती का?"

"कोण नेणार, भाऊजी? किल्ली माझ्या कमरेला असते." त्या दारात उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पण धुकं पडलं की आवाज येतो. घाटाकडून. दर खेपेला जरा जवळ. आता मात्र... इंजिन नुसतं ओरडतं. पुढे येतच नाही."

तो आवाज धाकट्याच्या ओळखीचा होता. दाते निसटले, की इंजिन बोंबलतं आणि चाक जागचं हलत नाही.

"ग्रीस लावा ना," वहिनी म्हणाल्या. "हे इतक्या जवळ आलेत..."

"ग्रीसने गेलेले दाते परत येत नाहीत, वहिनी."

"घरापर्यंत पुरलं तरी बास."

त्यांच्या डोळ्यांकडे बघून त्याला नाही म्हणवेना. रॉकेल आणि ब्रशने त्याने एकेक खाच साफ केली, बोटाने ग्रीस चोपडलं, चाक बसवून नट आवळला. गाडी स्टँडवरून उतरवताच सीटखालचे मागचे शॉकअप, त्या जाड स्प्रिंगा, करकरत खाली दबले. गाडी जड झाली होती. इतकी जड, की बाजूच्या स्टँडवर टेकवताना त्याला दोन्ही हात लावावे लागले.

तेवढ्यात घाटाकडून आवाज आला. या वेळी तो अडखळत नव्हता. वळणं घेत, गिअर बदलत, संथ येत होता. फाटक वाजलं नाही. पण आवाज आत आला. शेडमध्ये गरम तेलाचा वास भरला. धाकट्याने इंजिनाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

मग सगळं शांत झालं.

शॉकअप करकरले. मोटरसायकलची मागची बाजू उचलली गेली, कुणी उतरावं तशी.

"आलात?" रडत-हसत वहिनी पुढे झाल्या.

धाकट्याने त्यांचा हात घट्ट धरला. त्याची नजर सीटवरून हटत नव्हती. गाडी अजून पुरती वर आली नव्हती.

"वहिनी, थांबा... दादा एकटाच गेला होता ना?"

त्यांनी उत्तर देण्याआधीच शॉकअप पुन्हा करकरले, या खेपेला अगदी सावकाश, आणि गाडी आणखी वर आली.