स्टेशनसमोरची दोघींची खोली

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाही तर सोडून द्या.

नोबुएने ती आजवर दोनच माणसांना सांगितली, आणि दोन्ही वेळा मध्येच थांबून पाणी मागितलं. बनवून सांगणारं माणूस असं थांबत नाही.

तारीख १५ नोव्हेंबर, वार शुक्रवार. शहर जपानमधलं ओकायामा. स्टेशनच्या पूर्वेकडच्या दारातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोरच एक अकरा मजली हॉटेल आहे. त्याचं नाव सांगत नाही. हॉटेलचा काही दोष नव्हता.

वेळ रात्रीचीही नव्हती. दुपारचे चार वाजले होते. ऊन होतं.

नोबुए चौसष्ट वर्षांची. लग्न करून ऑस्ट्रेलियात गेली त्याला छत्तीस वर्षं झाली. ब्रिस्बेनच्या एका शाळेत ती जपानी शिकवायची आणि दर दोन वर्षांनी आठ-दहा दिवस जपानला यायची. माहेर ओकायामापासून रेल्वेने तासभर, ताकाहाशीच्या पुढे डोंगरात. गाडीतून उतरल्यावर आणखी अर्धा तास बस, आणि बसही दिवसाला चारच. आईवडील होते तोवर ती घरीच उतरायची. ते गेल्यावर घरात राहिली थोरली बहीण मित्सुयो आणि तिचा नवरा शोझो.

मग नोबुए हॉटेलात उतरायला लागली.

"स्टेशनसमोरच आहे गं ताई. सोयीचं पडतं."

खोटं नव्हतं ते. विमानतळाची बस समोरूनच सुटायची. शाळेतल्या मैत्रिणींना तिथे भेटता यायचं. डोंगरातल्या घरी थंडीत न्हाणीघरात पाय ठेववत नसे, इथे खोलीत गरम पाणी होतं.

मित्सुयो मग स्वतःच यायची. सकाळची पहिली बस, पुढे रेल्वे. हातात कापडात बांधलेला डबा. दोघी खाली लॉबीत बसायच्या. वर चल म्हटलं की ती मान हलवायची. तुझी खोली म्हणजे काड्यापेटी असणार, इथे निदान जाणारी-येणारी माणसं तरी दिसतात, म्हणायची. आणि निघताना एक टोमणा ठरलेला.

"बाईसाहेबांना घर लांब पडतं. परदेश जवळ पडतो."

हसत म्हणायची. म्हणून नोबुएने तो कधी मनाला लावून घेतला नाही.

गेल्या खेपेला मात्र मित्सुयोने फोन केला होता. बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायची तिची लहानपणापासूनची सवय. तसा खाकरला आणि म्हणाली, या वेळी एक रात्र घरी ये. एकच. नोबुएचा तो सगळा आठवडा आधीच वाटून गेला होता. ती म्हणाली, पुढच्या वेळी नक्की.

 पलीकडून "बरं" एवढंच.

पुढची वेळ आलीच नाही. २९ सप्टेंबरला मित्सुयो गेली. पोटात कॅन्सर होता, दोन वर्षांपासून. नोबुएला त्याचा पत्ताही नव्हता. ती तिकीट मिळवेपर्यंत अग्नी देऊन झाला होता.

आता ती आली होती एकोणपन्नासाव्या दिवसासाठी. गेलेलं माणूस तोवर इथेच घुटमळत असतं असं मानतात. त्या दिवशी गुरुजी मंत्र म्हणतात, अस्थी थडग्यात ठेवतात, आणि मग ते माणूस खरोखर निघून जातं.

विधी शनिवारी सकाळी होता. शोझो म्हणाले होते, सरळ घरीच ये. तरीही तिने तेच हॉटेल घेतलं. या वेळी सोयीचा प्रश्न नव्हता. त्या घरात पाऊल टाकायची तिला लाज वाटत होती.

काउंटरवरच्या मुलीने नाव शोधलं आणि दोन किल्ल्या पुढे ठेवल्या.

नोबुए म्हणाली, मी एकटीच आहे.

मुलीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. एकीची खोली होती, पण आठ दिवसांपूर्वी फोन करून ती दोघींची करून घेतलेली होती.

"कोणी केला फोन?"

"मित्सुयो असं नाव लिहिलंय. फोन मीच घेतला होता. वयस्कर बाई होत्या. म्हणाल्या, बहीण येतेय, मीही तिच्याबरोबर राहीन."

मुलीने स्वतःच्या गळ्याकडे बोट नेलं.

"बोलायच्या आधी त्यांनी... दोनदा घसा खाकरला. मला वाटलं सर्दी झालीय. म्हणून लक्षात राहिलं."

नोबुएने किल्ल्या उचलल्या. दोन्ही. का उचलल्या ते तिला आजही सांगता येत नाही.

खोली नवव्या मजल्यावर. दोन पलंग, मध्ये दिवा, खिडकीतून खाली स्टेशनचा चौक. सगळं स्वच्छ, नेहमीसारखं. तिने बॅग एका पलंगाजवळ ठेवली आणि तोंड धुवायला आत गेली.

बाहेर आली.

आणि थबकली.

पलंगांपाशी सपातांचे दोन जोड होते. कागदी पट्टी लावलेले, नवे. तिने एकाही जोडाची पट्टी काढली नव्हती.

एका जोडाची पट्टी... काढलेली होती.

सपाता दाराकडे तोंड करून नीट जुळवून ठेवलेल्या होत्या. दुसऱ्याला उठून चालायला सोपं जावं म्हणून ठेवतात तशा.

तिने स्वतःला समजावलं. साफ करणाऱ्या बाईने ठेवल्या असतील. आधीच पाहायच्या राहिल्या असतील. ती पलंगाच्या कडेला बसली आणि शोझोंना फोन लावला. तुम्ही हॉटेलात फोन केला होतात का, असं विचारलं.

"मी? अगं, मला तुझ्या हॉटेलचं नावसुद्धा माहीत नाही. ते सगळं हिलाच ठाऊक असायचं."

तिने फोन ठेवला.

खोलीत एवढी शांतता होती की खालच्या ट्रामची घंटा ऐकू येत होती. मग तीही थांबली.

आणि न्हाणीघराच्या बंद दारामागून...

खं. खं.

दोनदा.

दार उघडायचा तिला धीर झाला नाही. हाक मारायचाही नाही. पर्स घेतली आणि ती लिफ्टकडे गेली. पळाली नाही, ती सांगते. 

खाली लॉबीत मियाके होते. वीस वर्षं तिथे काम केलेले, सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना ओळखणारे. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, ताई कशा आहेत?

नोबुएने मान खाली घातली. त्यांना वाटलं, मागच्या वेळचा प्रकार ताईंनी तिला सांगितला असेल आणि त्याने ती अजून खजील आहे. म्हणून तेच सांगू लागले. दोन वर्षांपूर्वी नोबुए विमानतळाच्या बसने गेली त्या सकाळी, ती गेल्यावर वीस मिनिटांनी, मित्सुयो डबा घेऊन आली होती. बहीण गेली म्हटल्यावर त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. दुपारी दोनपर्यंत बसून होती. मियाकेंनी चहा नेऊन दिला. निरोप द्यायचाय का, म्हणून विचारलं.

"निरोप नको म्हणाल्या. फोनवर सांगण्यासारखं नाही, समोर बसूनच सांगायचंय म्हणाल्या. मग मला विचारलं, वरचे पलंग मऊ असतात का? मी जन्मात पलंगावर झोपले नाही, म्हणाल्या."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाल्या, ती माझ्याकडे राहायला येत नाही ना, मग पुढच्या वेळी मीच तिच्याकडे राहीन."

नोबुए त्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. खुर्ची रिकामी होती.

 मग एकच गोष्ट डोक्यात पक्की झाली. ताईने एक रात्र मागितली होती. घरी, तिच्या घरात. अजून उद्या सकाळपर्यंत वेळ होता. आज जायलाच हवं.

बॅग आणायला वर जायची हिंमत नव्हती. बॅग तिथेच राहिली. तिने रस्ता ओलांडला, शोझोंना येते म्हणून कळवलं आणि साडेपाचची गाडी पकडली.

ताकाहाशीला शोझो त्यांचा छोटा टेम्पो घेऊन आले होते.  घराच्या वळचणीला सोललेली पर्सिमनची फळं दोरीला ओवून वाळत घातली होती, ओळीने. हिने लावलेलं झाड, यंदा मोजता येणार नाहीत इतकी आली, असं शोझो म्हणाले आणि आत जाऊन चहाचं पाणी ठेवायला लागले.

जेवताना नोबुएने विचारलं, मला कोणी काही का कळवलं नाही?

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"मी दहादा म्हटलं कळवू या. नको म्हणाली. फोनवर ऐकलं तर नोबु तिथे एकटी रडत बसेल. समोर असली की मी तिला दोन शिव्या तरी घालू शकेन."

नोबुएने मित्सुयोच्या खोलीत अंथरूण घातलं. उशाशी पांढऱ्या कापडात गुंडाळलेला अस्थींचा कलश होता. दिवा मालवला. आता तिला भीती वाटत नव्हती. उलट ती वाट बघत होती.

ताई, मी आले, ती हळूच म्हणाली.

काही नाही.

ती कान देऊन पडली. एखादा आवाज. एखादं पाऊल. तेच दोनदा खाकरणं. आता तिला ते हवं होतं.

काहीच नाही. लाकूडसुद्धा करकरलं नाही. जुन्या घरात रात्री काही ना काही वाजतंच. त्या रात्री तेही नाही. घर इतकं रिकामं होतं, ती सांगते, जणू तिथून कोणीतरी सामान बांधून निघून गेलं होतं.

सकाळी चार नातेवाईक आले. साडेदहाला गुरुजींनी मंत्र सुरू केले. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. नंतर टेकडीवरच्या थडग्यात कलश ठेवला. नोबुएने पाणी वाहिलं, हात जोडले. मनातल्या मनात माफी मागितली. सगळं यथासांग झालं. शोझो म्हणाले, आता ही सुखाने गेली.

दुपारी ती बॅग आणायला ओकायामाला परत आली. आणखी दोन दिवस ती घरीच राहणार होती.

नवव्या मजल्यावर लिफ्ट उघडली. साफसफाई करणारी पन्नाशीची बाई गाडा ढकलत येत होती. नोबुएच्या हातातली किल्ली बघून ती हसली.

"आलात का? बरं झालं. ताईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता."

नोबुएने भिंतीला हात टेकला.

"तुम्ही... कधी पाहिलंत त्यांना?"

बाई सांगू लागली. सकाळी ती खोली आवरायला गेली होती. ठोठावलं, तर आतून दार उघडलं. एक म्हातारी बाई, करडं जाकीट घातलेली. अंथरूण बदलू का विचारलं, तर नको म्हणाली.

"म्हणाल्या, रात्रभर बसूनच होते. बहीण बाहेर गेलीय, येईलच इतक्यात. ती आली की झोपेन."

"किती वाजता?"

"साडेदहा. त्यानंतर मी या मजल्यावरच होते, पण बाहेर पडताना काही दिसल्या नाहीत."

नोबुएने दार उघडलं.

खोलीत कोणी नव्हतं. बॅग जागच्या जागी. दोन्ही पलंगांवरच्या चादरी ताणलेल्या, एकही सुरकुती नाही. फक्त टेबलाजवळची खुर्ची ओढून...

खिडकीपाशी नेलेली होती.

तिथून स्टेशनचं दार सरळ दिसत होतं. आत जाणारा, बाहेर येणारा, एकूणएक माणूस.

नोबुए खुर्चीवर बसली नाही. तिच्यासमोर जमिनीवर गुडघे मोडून बसली, लहानपणी ताईसमोर बसायची तशी. सांग ना, म्हणाली. काय सांगायचं होतं ते सांग. मी आहे आता, कुठे जात नाही.

अंधार पडेपर्यंत बसली. कोणी काही सांगितलं नाही.

शेवटी तिने मित्सुयोसाठी पलंगावरची चादर एका बाजूने उघडून ठेवली, उशी थोपटली, आणि दिवा तसाच चालू ठेवून बाहेर पडली. घरी शोझो तिच्यासाठी जेवायला थांबले होते.

तो फोन कोणी केला, ते हॉटेलला शोधता आलं नाही. काउंटरवरची ती मुलगी आपल्या बोलण्यावर ठाम आहे. साफसफाईवालीही.

नोबुए अजून दर दोन वर्षांनी येते. तिकीट काढते, दिवस ठरवते, आणि मग कुठे उतरायचं यावर तिचा हात अडतो. घरी झोपली तर वाटतं, तिकडे नवव्या मजल्यावर खिडकीपाशी कोणीतरी डोळे लावून बसलंय. हॉटेलात झोपली तर वाटतं, डोंगरातल्या घरी कोणीतरी अंथरूण घालून जागं आहे.

गेल्या खेपेला तिने एक रात्र इथे काढली, एक तिथे.

दोन्हीकडे तिला झोप लागली नाही.