गंज म्हणालो, गंजी नव्हे

"आधी मला गंज बघायला पाहिजे," शिडीवरून तो म्हणाला, आणि मी धावत जाऊन वाटीभर गंजी घेऊन आले.

यात माझं काय चुकलं? आम्ही चामराजपुरमचे, कानडी मुलखातले मराठी. आमच्याकडे गंजी म्हणजे भाताची पेज; पोट बिघडलं की प्यायची. मला वाटलं, बिचाऱ्याचं बिघडलंय!

"हे काय?"

"गंजी. तुम्हीच मागितली की!"

"गंज म्हणालो हो... लोखंडाचा!"

"अय्यो, तुक्कु! आम्ही गंजाला तुक्कुच म्हणतो. मग तसं सांगायचं!"

तो हसत खाली उतरला. पेज मात्र सगळी प्यायला. विश्वेश त्याचं नाव, सांगलीचा इंजिनिअर, आमच्या गॅलरीच्या छताची भेग बघायला आलेला.

माझ्या वडिलांना, अप्पांना, घाई. "वरनं गिलावा मारा री, मुगीतु, संपलं!"

"काका, भेग बुजेल, पण गंज वाढेल," विश्वेश शांतपणे म्हणाला. "सळईवर काँक्रीट जेमतेम बोटभर आहे. पाणी मुरतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. पोकळ भाग काढू, सळई घासून गंजरोधक लावू, मग भरू. वर पाणी साचू द्यायचं नाही."

अप्पा चक्क "करा" म्हणाले!

मग तो रोज यायचा. एकदा त्याने हातोडी माझ्या हातात दिली... वर आपला हात ठेवला.

"ठण्ण वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर पोकळ. हे कसं वाजलं?"

"परत वाजवा," मी म्हटलं. ऐकतंय कोण! मला तो आवडला होता, अगदी मनापासून.

"यशस्विनी, तुम्ही छताकडे बघतच नाही."

"तुम्ही तरी कुठे बघताय?"

त्याचे कान लाल झाले.

काम संपलं. त्याचं पुढचं काम हुबळीला. आज बोलले नाही, तर संपलंच.

फाटकाशी तो घुटमळला. "बरं... येतो."

"बर्तीनि, येतो, असं सगळेच म्हणतात. तुम्ही कधी येणार?"

"अहो, ते... जातो म्हणू नये, म्हणून..."

"ठाऊक आहे. मी खरंच विचारतेय."

त्याने पिशवी खाली ठेवली.

"रविवारी. आईला घेऊन... तुम्हाला मागणी घालायला. चालेल?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"चालेल," मी म्हटलं, "पण त्यासाठी आधी जा तरी!"