कुंडी उचलायची नाही

त्याने तिच्या टेबलावर, भिंगांच्या पेटीशेजारी, पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. पिशवीत दोन मासे होते आणि दोघेही तिच्याकडे पाहत होते.

"हे तुमचे?" तिने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत तरी माझेच. सकाळी टाकी तडकली. परत द्यायला निघालो, तर मासेवाला जेवायला गेलेला. म्हटलं, तेवढ्यात डोळे तपासून घेऊ. वर्षभर टाळतोय."

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. परक्या माणसाच्या डोळ्यांत अंधाऱ्या खोलीत रोखून पाहणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता, त्यामुळे या गोष्टीत लोकांना जो काही रोमांच वाटतो तो तिच्या बाबतीत केव्हाच झिजून गेला होता. डोळा म्हणजे नंबर, आणि फार तर थोडी लाली. तिने दिवा मालवला, त्याची हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली आणि भिंग बदललं.

"हे स्पष्ट, की हे?"

"पहिलं."

"आणि आता?"

"पुन्हा दाखवा ना."

तिने पुन्हा दाखवलं.

"दोन्ही सारखीच वाटतात... पण अजून एकदा दाखवलंत तर सांगता येईल."

हा माणूस पाणीखात्यात पाण्याचे नमुने तपासतो, हे त्याने आधीच सांगितलं होतं. तो ठरवण्यात मंद आहे की फार हुशार आहे, हे काही तिला ठरवता येईना.

"ही सिक्लिड जातीच्या माशांची जोडी आहे," हनुवटी अडकलेली ठेवूनच तो म्हणाला. "क्रिबेन्सिस. जमलं तर घरच्या टाकीत पिल्लं होतात, म्हणे. मला अनुभव नाही."

"माझ्याकडे टाकी आहे," ती म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो याचं तिला नवल वाटलं. "बाबांच्या रक्तदाबासाठी आणली होती. मासे गेले. रक्तदाब आहे."

तो हसला, आणि यंत्रात दिसणारा त्याचा डोळा बारीक झाला. नंबराच्या कामात ही अडचणच. पण तिने काही टोकलं नाही.

बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर त्याला जवळचं काही दिसेना, म्हणून त्याच्या फोनमध्ये तिचा नंबर तिनेच टाकला. अर्थात माशांसाठी.

मासे घरी आले. बाबा, आई आणि वरच्या मजल्यावर राहणारी आत्या टाकीसमोर खुर्च्या मांडून बसले. या घरात एकतिसाव्या वर्षीही तिला छोटी म्हणत, आणि छोटीचं जे जे असेल ते सगळ्यांनी मिळून बघायचं, अशी प्रेमळ रीत होती.

त्याचे फोन यायला लागले. मोठा फिल्टर काढा, पिल्लं ओढली जातील. साधा स्पंजचा लावा. मातीची छोटी कुंडी घ्या, काठाला एक खाच पाडा, वाळूवर उपडी ठेवा. मादी कुंडीत शिरून अंडी घालेल.

"आणि तो?"

"तो दारात पहारा देईल. पण आधी तिनेच त्याला पटवायचं असतं. ती कमानीसारखी वाकते, थरथरते, लालभडक पोट दाखवते."

"आणि तो काय करतो तोवर?"

"पंख पसरून गोंधळून उभा राहतो. या जातीत लाजायचं खातं नराकडे आहे."

"बरी पद्धत आहे."

"हो ना," तो म्हणाला, "मी इकडे कधीपासून पंख पसरून उभा आहे..."

ती पटकन पाण्याच्या तापमानाबद्दल विचारू लागली.

एके दिवशी मादी कुंडीत गेली ती बाहेरच येईना. नर खाचेसमोर फेऱ्या मारू लागला. घरात बातमी पसरायला वेळ लागत नसे. बाबा टॉर्च घेऊन आले, आत्या चष्मा पुसत आली.

"अंडी आहेत तरी का आत?" आत्या म्हणाली. "उगीच रुसून बसली असेल. छोटी, उचल बघू जरा."

"नको गं आत्या..."

"एवढंसं! बघून लगेच ठेव."

तिने हात घालून कुंडी उचलली. आत छताला मधाच्या रंगाची टपोरी अंडी चिकटलेली होती. सगळे वा वा म्हणाले, आईने तर अंड्यांनाच हात जोडले. कुंडी होती तशी ठेवली. दुसऱ्या दिवशी छत स्वच्छ होतं.

"खाल्ली," फोनवर तो शांतपणे म्हणाला.

"कुणी?"

"त्यांनीच. घाबरली की खातात. दुसरं कुणी खाण्याआधी आपणच. पहिल्या खेपेला व्हायचंच हे, मनाला लावून घेऊ नकोस."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता; पण तिचं लक्ष तिकडे उशिरा गेलं. तिला आठवत होतं ते दोन वर्षांपूर्वीचं. तिने जेवताना एका मुलाचं नाव घेतलं होतं, एवढंच. मग आत्याने त्याच्या मावशीला फोन केला, बाबांनी त्याच्या ऑफिसात ओळख काढली, आईने त्याचा फोटो शेजारी दाखवला. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. सगळ्यांनी इतक्या मायेने ती गोष्ट पुन्हा पुन्हा उचलून पाहिली की एका संध्याकाळी ती स्वतःच त्या मुलाला 'नको' म्हणून मोकळी झाली. दुसरं कुणी म्हणण्याआधी आपणच.

पुढच्या खेपेला मादीचं पोट लाल झालं तेव्हा तिने टाकीला चहूबाजूंनी खाकी कागद चिकटवला. घरी सांगितलं, शेवाळ झालंय, उजेड बंद ठेवायचाय. वरच्या फटीतून खाणं टाकायची आणि आत डोकावायची नाही.

त्याच्या बाबतीतही तिने तेच केलं. दुकान बंद झाल्यावर समोरच्या बागेतल्या बाकावर भेटायचं, आणि घराच्या वळणाआधी निरोप घ्यायचा. तो तिच्यासाठी कधी पाणी तपासायच्या पट्ट्या आणायचा, कधी पिल्लांसाठी खारट पाण्यातले सूक्ष्म जीव उबवायची बाटली. फुलं आणली नाहीत, हे नंतर कधीतरी तिच्या लक्षात आलं, आणि हरकत घ्यावीशी वाटली नाही.

"कशी आहेत माझी माणसं?" तो विचारायचा.

"माहीत नाही. कागद लावलाय."

"आणि मी?" एका संध्याकाळी तो म्हणाला. "मलाही कागदच लावलायस ना..."

ती बाटलीचं झाकण उघडत, बंद करत राहिली. "तुला नाही कळायचं. आमच्या घरी सगळे फार... बघतात."

"अंड्यांना कागद ठीक आहे गं. पण मला आता अंडं म्हणून राहायचा कंटाळा आला." तो हसला नाही. "रविवारी मी माझे मासे बघायला येतो. कोण म्हणून यायचं ते तू ठरव. दुकानातलं गिऱ्हाईक म्हणून आलो, तर एक कप चहा पिईन आणि जाईन. मग मासे तुझे."

"म्हणजे पुन्हा येणार नाहीस?"

"गिऱ्हाइकाला दुसरा चहा कोण देतं?"

रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. दार आत्यानेच उघडलं. आत्याला बेल वाजायच्या आधी कळायची.

"हे कोण गं छोटी?"

तिने तोंड उघडलं. "हे... मासे यांचे आहेत."

"म्हणजे दुकानदार?"

"नाही," तोच म्हणाला. तिच्याकडे पाहिलं नाही त्याने. "मी डोळे तपासून घेतो यांच्याकडे."

आईने चहा दिला. तो भराभर प्यायला लागला, गरम असूनही. बाबांनी रक्तदाबाचा विषय काढला. कपात चहा उतरत चालला होता आणि तिला तेवढंच दिसत होतं. मग ती उठली, टाकीपाशी गेली आणि तिने कागद फाडायला सुरुवात केली.

"अगं, शेवाळ!" बाबा म्हणाले.

"शेवाळ नव्हतंच, बाबा."

आत काय असेल हे तिला खरंच माहीत नव्हतं. कागद निघाला. वाळू, उपडी कुंडी, दारात नर. बाकी काही नाही. आत्याने मान हलवली. तोही कप हातात घेऊन जवळ आला होता. त्याचा श्वास तिला खांद्यापाशी ऐकू येत होता.

तेवढ्यात खाचेतून मादी बाहेर आली. तिच्या पोटाखाली धुळीचा पुंजका तरंगत होता, आणि मग त्या धुळीला डोळे असल्याचं सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.

"पिल्लं!" आई म्हणाली.

एक पिल्लू घोळक्यातून निसटलं आणि स्पंजकडे भटकत निघालं. मादी झपकन वळली, तोंड उघडलं, आणि पिल्लू नाहीसं झालं.

"खाल्लं!" आत्या किंचाळली. "अगं बाई, खाल्लं पोटच्या पोराला!"

ती काचेशी वाकली. पण मादी संथपणे घोळक्यापाशी परतली, आणि पिल्लू जसंच्या तसं इतरांमध्ये थुंकून दिलं. पिल्लू थोडं गोंधळलं, मग पोहू लागलं.

"खाल्लं नाही," तो हळूच म्हणाला. "घरी आणलं."

म्हणजे अंडी खाणारं आणि पिल्लू घरी आणणारं तोंड तेच होतं. तिने वळून पाहिलं. आत्याचं तोंड अजून उघडंच होतं, डोळ्यांत पाणी होतं, आणि एका हाताने तिने आईचा हात घट्ट धरला होता. एका माशाच्या पोरासाठी.

"आत्या," ती म्हणाली, "हे गिऱ्हाईक नाहीत. म्हणजे चष्म्याचा नंबर यांना आहे, पण... मला हा आवडतो. मला याच्याशी लग्न करायचंय. तू विचार काय विचारायचं ते. मावशांना फोन करायचे ते कर. मी इथेच उभी आहे. या वेळी मी मध्येच 'नको' म्हणणार नाही."

नराने, जणू विषय आपलाच आहे अशा समजुतीने, पंख पसरले.

"पुन्हा सांग ना," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "एकदा ऐकून नीट स्पष्ट नाही झालं..."

"वडील काय करतात?" आत्याने डोळे पुसत खुर्ची पुढे ओढली. "आणि घर स्वतःचं की भाड्याचं? टाकी तडकली कशी? नीट सांभाळत नाही का वस्तू?"

आईने त्याच्या हातातला रिकामा कप काढून घेतला, आत गेली, आणि भरून आणून दिला.