बाद झालेली त्रेचाळीस कार्डं

“हा बाण कोणी काढला?”

दुपारची वेळ, ऑफिसात मी एकटीच आणि तोंडात घास. दारात एक उंच माणूस आमच्या साप्ताहिकाचा ताजा अंक धरून उभा होता. बोटांवर लाल रंग, नखांत पांढरा. मी घाईघाईने गिळायला गेले आणि ठसका लागला. त्याने माझ्याच टेबलावरची पाण्याची बाटली पुढे केली, ठसका जाईपर्यंत शहाण्यासारखा थांबला आणि मग पुन्हा तेच... “बाण?”

“मी काढला. का?”

“उलटा आहे.”

आमचं साप्ताहिक मोटारींच्या शर्यतींचं. त्या लांबट, बुटक्या, चाकं अंगाबाहेर उघडी असलेल्या गाड्यांच्या शर्यती. मी तिथे ट्रॅकचे नकाशे काढते. पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकात एक नवा ट्रॅक घ्यायचा होता आणि तो कोणता असावा, हे आम्ही वाचकांना विचारलं होतं. बारा ट्रॅकचे नकाशे छापले, प्रत्येकाला नंबर दिला. वाचकाने अंकासोबतच्या कार्डावरच्या चौकटीत आपल्या आवडत्या ट्रॅकचा नंबर लिहून पाठवायचा. पहिल्या तिघांची पाहणी करायला माणसं पाठवू, असं आयोजकांनी कबूल केलं होतं. प्रत्येक नकाशावर गाड्या कुठल्या दिशेने धावतात त्याचा बाण होता. अकरा ट्रॅक घड्याळाप्रमाणे फिरणारे. नववा, तळ्याकाठचा, तेवढा उलट फिरणारा. मी बाराही बाण एका झटक्यात काढले होते.

“एवढ्याने काय बिघडतं?” चूक कबूल करायची वेळ आली की माझी जीभ अशी वाकडी चालते.

“तुमच्या घराचं चित्र काढलं आणि दार मागच्या बाजूला दाखवलं, तर चालेल?”

“माझं घर म्हणजे एकच खोली आहे. दार कुठेही दाखवा.”

तो हसला. मग एकदम गंभीर होऊन त्याने सांगितलं की तो तळ्याकाठच्या ट्रॅकवर रंगारी आहे. वळणांच्या कडेचे लाल-पांढरे पट्टे तोच रंगवतो. सहा वर्षांत तिथे एकही मोठी शर्यत झाली नव्हती, तरी हा दर दोन महिन्यांनी पट्टे रंगवत होता. पहिल्या तिघांत नंबर आला तर निदान पाहणीपर्यंत तरी ट्रॅक राहणार. नाहीतर महिनाअखेर कुलूप लागणार, आणि त्याला दोन दिवसांच्या प्रवासावरच्या एका नव्या ट्रॅकवर जावं लागणार. तिथून बोलावणं आलेलंच होतं.

पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली, चांगली ठळक. आता तो येणार नाही, असं वाटलं आणि उगाचच वाईट वाटलं. पण गुरुवारी तो आला.

गुरुवारी टपालाने कार्डं यायची आणि ती मोजायचं काम माझ्याच गळ्यात होतं. तो समोरच्या खुर्चीत बसायचा, हात मुद्दाम मांडीवर ठेवून.

“हात लावत नाही. फक्त बघतो.”

“कार्डांकडे बघा मग.”

“कार्डांकडेच बघतोय,” तो म्हणायचा, आणि ते साफ खोटं असायचं.

मला गुरुवारची सवय लागली, आणि सवय लागली म्हणून रविवार जास्त अंगावर यायला लागले. रविवारी दुपारी मी खोलीत टीव्हीवर शर्यत बघायचे. कोणी सफाईने पुढे निघालं की तोंडातून “अरे वा” निघायचं आणि मग पंख्याची घरघर ऐकू यायची. आत्या फोनवर विचारायची, “एकटी कंटाळत नाहीस का गं?” मी म्हणायचे, “छे, उलट निवांत असतं.” आत्याला ते पटायचं नाही. मलाही पटत नव्हतं.

एका दुपारी त्याने मला ट्रॅक दाखवायला नेलं. मी फाटकातून आत शिरून घड्याळाप्रमाणे चालायला लागले, तर त्याने कोपराला धरून मला अलगद उलट फिरवलं.

“इकडून. निदान आज तरी.”

मी काहीतरी उलट बोलणार होते, पण कोपरावर त्याची बोटं होती... आणि बोलायचं काय ते विसरलेच. रिकाम्या पायऱ्या, तळ्यावरून येणारा वारा, भेगांतून उगवलेलं गवत, आणि कडेला मात्र काल लावल्यासारखा कोरा करकरीत रंग. त्याने मला ब्रश दिला. मी एक पांढरा पट्टा वाकडा केला. त्याने तो पुसला नाही.

“तुझं मत कोणाला?” त्याने विचारलं. ‘तुमचं’ कुठे गेलं, ते दोघांनीही विचारलं नाही.

“मोजणाऱ्याला मत नसतं.”

“नसतं, की सांगायचं नसतं?”

मी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. सांगायचं तर खूप होतं. पण ज्याच्या ट्रॅकची मतं मोजतेय त्यालाच मनातलं सांगितलं, तर माझ्या मोजणीवर माझा तरी विश्वास राहील का?

“जिंकायचं जाऊ दे,” तो म्हणाला. “सहा वर्षं रंगवतोय मी. हे कोणाला आठवतंय का, एवढंच कळलं तरी बास.”

शेवटच्या गुरुवारी तो आला नाही. धीर होत नाही, असं फोनवर म्हणाला. मी एकटीनेच मोजलं. तळ्याकाठचा ट्रॅक चौथा आला. तिसऱ्यापेक्षा एकोणीस मतं कमी.

पुन्हा मोजलं. एकोणीसच. मग बाद कार्डांचा गठ्ठा ओढला. चौकट रिकामी दिसली की कार्ड न वाचता बाद करायचं, अशी आमची पद्धत. मी ती पहिल्यांदाच वाचली. त्रेचाळीस जणांनी पहिल्या अंकातला माझा नकाशा कापून कार्डाच्या मागच्या बाजूला चिकटवला होता, माझा बाण पेनाने खोडून उलट दिशेने नवा काढला होता. एकाने लिहिलं होतं, “बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलंय मी. गाड्या डावीकडे वळायच्या.” मला सुधारण्याच्या नादात ही माणसं चौकटीत नंबर लिहायलाच विसरली होती.

संपादकांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “नियम आपणच छापलाय. आता चौथ्याला वर घेतलं तर तिसऱ्याच्या लोकांना काय सांगू?” ते बरोबर होते, याचाच जास्त राग आला.

ते घरी गेल्यावर मी पेन उचललं. त्रेचाळीस चौकटी, त्रेचाळीस नऊ, आणि तो इथेच राहिला असता. पहिल्या चौकटीवर टोक टेकवलंही. पण त्या माणसांनी खरं तेच सांगायला पेन उचललं होतं, आणि मी त्याच कार्डांवर खोटं लिहिणार होते. मी पेन खाली ठेवलं आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा गठ्ठा त्याच्या हातात दिला. “चौथा आलाय. माझ्या बाणामुळे. वाच.”

त्याने एकेक कार्ड वाचलं, सावकाश. खांद्यावर बसलेल्याचं दोनदा. मी शिव्या खायच्या तयारीने उभी होते.

“म्हणजे... एवढे जण आहेत,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “मला वाटायचं, मी एकटाच.”

“अजून एक आहे,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. “मोजणी चालू होती म्हणून बोलले नाही. आता संपली. मला तू हवा आहेस. थांब म्हणत नाही... काम सोडून कुठे थांबशील? पण तू गेल्यावर हे माझ्या मनात नुसतं पडून राहायला नको, म्हणून सांगितलं.”

कार्डं शर्टाच्या खिशात मावेनात, तरी तो कोंबत राहिला. दारापर्यंत गेला, वळला, तोंड उघडलं... आणि गेला. शनिवारी तो गाव सोडून गेल्याचं त्याच्या ट्रॅकवरच्या पहारेकऱ्याने फोनवर सांगितलं.

मग तीन रविवार गेले. ते कसे गेले ते आत्यालाही सांगितलं नाही.

चौथ्या रविवारी शर्यत होती. गाड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि फोन वाजला.

“टीव्ही लावलायस?” तो. “फोन ठेवू नकोस. बोलायला नकोच. इथे खोलीत कोणी नाही, एवढंच.”

आम्ही खरंच फारसं बोललो नाही. कानाशी त्याचा श्वास आणि समोर गाड्या. थोड्या वेळाने लक्षात आलं की त्याच्याकडे चित्र माझ्या आधी पोचतंय. तो “अरे” म्हणायचा आणि सात सेकंदांनी माझ्या टीव्हीवर गाडी घसरायची.

“मजा घालवतोस तू.”

“बरं बाबा. गप्प बसतो.”

बसलाही. शेवटच्या फेरीत दोन गाड्या चाकाला चाक लावून आल्या, आणि त्याचा श्वास थांबला. त्याला निकाल कळला होता. मला अजून सात सेकंद होते.

“कोण?” मी विचारलं.

“त्या दिवशी दारातून मी तसाच गेलो,” तो म्हणाला. “बोललो असतो तर पाय निघाला नसता. मलाही तू हवी आहेस.”

माझ्या टीव्हीवर गाड्या रेघ ओलांडून गेल्या. कोण पुढे होतं ते मी पाहिलंच नाही. पुढची शर्यत पंधरा दिवसांनी होती, आणि पंधरा दिवस फार होतात, हे मी त्याला लगेच सांगून टाकलं.